काखेत ठोकळा घेऊन कोल्हापुरात राउटर शोधताना

खरं सांगतो, ही पोस्ट तीन आठवडे टाळली. चंदगडच्या सायबर कॅफेत दोनदा येऊन बसलो, फोटो बघितले, क्रिकेटचा स्कोअर बघितला आणि घरी गेलो. जे बघून आलो त्यानं डोकं सुन्न झालं होतं, आणि जे आणायला गेलो होतो ते न आणताच परतलो होतो. लिहायचं कुठल्या तोंडानं? पण तुमच्यातल्या दोघांनी विचारलंय की सुतारकामाला जुनं सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटर सांगेल तसं लाकूड कोरणारं मशीन, घ्यायचं तर केवढं घ्यावं. दहावीला मला गणितात पस्तीस होते. तरी सांगतो.

आधी घरचं. माझा थोरला भाऊ, दादा, फणसाच्या लाकडाचे देव्हारे करतो. खांबांवर वेल, वेलीला पानं, सगळं पटाशी आणि हातोडीनं. यंदा त्याचं उजवं मनगट गेलं. कोल्हापूरला राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, हातोडी बंद. जिना उतरताना दादा म्हणाला, "दिवाळीपर्यंत कोरणारं मशीन मिळालं तर ठीक. नाहीतर गोव्याला वॉचमन." चेष्टा नव्हती. तिकडच्या एका कारखान्याच्या गेटवर त्याचं बोलणं झालेलं होतं. आता मशीन शोधायला घरात रिकामा कोण? मीच.

दादानं माप लिहून दिलं नाही. देव्हाऱ्याच्या खांबाचा एक तुकडा कापला, आठ इंच जाड, फूटभर लांब. त्यावर पेन्सिलीनं वेल काढली आणि माझ्या हातात ठेवला. "तुझ्या टेपवर माझा भरवसा नाही. हा ज्याच्या खालून जाईल तेच बघ."

सकाळी सहाची एसटी, गडहिंग्लजमार्गे कोल्हापूर. साधारण चार तास धरा आणि डावीकडची खिडकी पकडा, उजवीकडं ऊन येतं. कंडक्टर ठोकळ्याकडं बघून म्हणाला, "पावणं, ह्ये लेकरू कुणाचं?"

"लगेज आहे."

"लगेज हाय तर तिकीट काढा की. लेकरू आसंल तर मांडीवर घ्या."

मांडीवर घेतलं. आजऱ्याचा घनसाळ भात, काजूचा भाव, कुणाची तरी सोयरीक, सगळं कानावर पडत होतं आणि इकडं दोन्ही पाय बधिर. स्टँडसमोर पंधरा रुपयांत मिसळ खाल्ली, रस्सा मागाल तेवढा. पायात जीव आल्यावर सिटी बसनं शिरोलीकडं गेलो. तिथल्या एका शेडमध्ये जुनी मशिनं विकतात असं ऐकून होतो.

आत गेलो आणि जागेवरच थांबलो. आठ बाय चारचं टेबल. आमची आख्खी चूल, पाटा, वरवंटा मांडून वर दोन माणसं जेवायला बसतील एवढं. त्यावर आडवा लोखंडी पूल, पुलाला फिरणारं पातं, आणि खाली एका दरवाजावर वेल उमटत होती. मी मोबाइलवर वेळ लावली. दादाला जिला आठ दिवस लागतात तशी वेल पाऊण तासात झाली. ठोका एकही नाही. आनंद व्हायला हवा होता, त्यासाठीच आलो होतो. पण दादाचं ते सुजलेलं मनगट डोळ्यासमोरून हलेना. आठ दिवस आणि पाऊण तास! हे घरी जाऊन सांगायचं कसं?

शेडचे मालक, शेठ, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मोठंच घ्या, पावणं. मोठ्यावर बारकं काम हुतंय. बारक्यावर मोठं कुठं करणार?"

पटलं. मला काहीही लगेच पटतं. खिशातून मोबाइल काढून दादाला कळवणार, तेवढ्यात ठोकळ्याची आठवण झाली. टेबलावर ठेवला, पुलाखाली सरकवला. ठक्.

"आडवा घाला की," शेठ म्हणाले.

आडवा केला. आडवाही आठच इंच. ठक्.

"पुलाखाली सहा इंच हायत. प्लायवूडचं, दारांचं मशीन हाय ह्ये. तुमी आसं करा, ठोकळा मधनं चिरा, दोन फळ्या करा, कोरा आन चिकटवा!"

एवढं धूड आणि त्याच्या पोटात एक ठोकळा जाईना. शिवाय त्याला थ्री फेज वीज लागते. दादाच्या कामाच्या शेडला सिंगल फेज, तीही पावसाळ्यात येऊन-जाऊन. दादाला फोन लावला.

"खालून गेला?"

"नाही, पण शेठ म्हणतायत की मधनं चिरून..."

"मग ये घरी." फोन कट.

घरी कसला येतोय! स्टँडवर नृसिंहवाडीची गाडी लागली होती, तिच्यात बसलो. का, ते विचारू नका, पाटी दिसली. दत्ताचं दर्शन घेतलं, धर्मशाळेत अंग टाकलं, सकाळी घाटावर नदी बघत बसलो. मग बासुंदी. वाडीला गेलात तर बासुंदी चुकवू नका, आणि कवठाची बर्फी घरी न्या. दुकानदार ठोकळा बघून म्हणाले, "देवाला काय आणलंय म्हणायचं ह्ये?" मी सगळी हकीकत सांगितली. ते वाटी पुसता पुसता म्हणाले, "मग उद्यमनगरात बघितलं न्हाईस व्हय? आमचं एक गिऱ्हाईक हाय, कल्लाप्पा मिस्त्री. लोखंड वतायच्या आधी लाकडाचा साचा करत्यात न्हवं का, त्यो करतोय. त्याच्याकडं असलेच ठोकळे पडल्यात."

मी चमचा तोंडात धरून बसलो. कोल्हापूर म्हणजे फाउंड्र्या, हे आमच्या गावच्या पोरांनाही ठाऊक आहे. साचा म्हणजे जाड लाकूड, आणि जाड लाकूड कोरायचं म्हणजे उंच पूल. मी मात्र फर्निचरवाल्यांची दारं वाजवत होतो.

दुपारी परत कोल्हापूर, उद्यमनगरात पोहोचलो. कल्लाप्पाण्णा साठीचे, कपाळाला विभूती, कानावर पेन्सिल. माझं अर्धं ऐकून त्यांनी कोपऱ्यातली ताडपत्री ओढली. खाली मशीन. टेबल जेमतेम तीन बाय दोन, पण पूल सव्वा फूट वर. ठोकळा सरकवला. गेला! मी ओरडलोच.

"आरं तम्मा, गेला म्हंजे झालं न्हाय." आमच्या सीमेकडची माणसं धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. "वर पातं नको बसायला? आठ ठोकळ्याचे, चार पात्याचे, वर इंचभर मोकळं. तेरा तरी पायजेत. लांबी-रुंदी समदी इचारत्यात, उंची कोण इचारत न्हाय."

सिंगल फेजवर चालतं? व्हय. चालू आहे? व्हय. मग किती?

"विकायचं न्हाय."

मला वाटलं चेष्टा करतायत. मशीनवर बोटभर धूळ! अण्णा म्हणाले, साच्याची कामं कमी झाली, पोरगा पुण्याला गेला, येणारा-जाणारा भंगाराच्या भावानं मागतो. "कुणाच्या हातात जाणार ठावं न्हाय आन देऊ? तुझ्या भावाला कॉम्प्युटर येतोय?"

"नाही."

"तुला?"

"मी ब्लॉग लिहितो."

ते इतके हसले की शेजारचा वेल्डर डोकावून गेला. मग ठोकळा हातात घेऊन पेन्सिलीची वेल बराच वेळ बघत राहिले. गाव विचारलं, दादाचं नाव विचारलं. शेवटी म्हणाले, "शेडचं दार केवढं हाय?"

"माहीत नाही."

"मशीन न्यायला आलास आन दार मोजलं न्हाईस?"

बाहेर पडलो, स्टँडवर आलो, गाडीत बसलो. कागल गेल्यावर मांडी हलकी का लागतेय ते कळलं. ठोकळा तिथंच राहिला होता.

घरी दादानं मशीनचं विचारलंच नाही. फक्त म्हणाला, "ठोकळा?" मी बर्फीचा पुडा पुढं केला. तो आत गेला.

तर ज्यांना घ्यायचंय त्यांनी एवढं करा. टेबलाची लांबी-रुंदी नंतर बघा, आधी आपलं सगळ्यात जाड लाकूड सोबत न्या. पात्याची उंची त्यात धरा. वीज कुठली लागते ते विचारा. आणि बाबांनो, घरचं दार मोजून निघा. माझ्याकडं या ट्रिपचं काय उरलं म्हणाल तर ती पाऊण तासाची वेल, अजून डोळ्यासमोर फिरते. दिवाळी परवा संपली. दादाची बॅग दारात आहे, उद्या सकाळची पणजी गाडी. मी कॅफेत पळून आलोय, त्याच्यासमोर बसवत नाही.

थांबा, वहिनींचा फोन.

"भावजी, आधी घरी या. कोल्हापूरचे कुणी कल्लाप्पा म्हणून आलेत, वाटेत तिघांना विचारत आले म्हणे. काखेत आपला ठोकळा, अर्धी वेल कोरलेली. चहासुद्धा घेतला नाही, शेडचं दार मोजतायत."

"आणि दादा?"

"टेपचं दुसरं टोक ह्यांनीच धरलंय."