घनमास्तरांनी मला नापास केलं

आमचे वर्कशॉपचे मास्तर आधी मारायचे, मग चूक सांगायचे. पोराचं काम बिघडलं की ते ऐरणीवर ठेवून घनाने चेपायचे, आणि त्याच हाताची थप्पड पोराच्या कानाखाली. म्हणून घनमास्तर. माझा डावा कान अजून कमी ऐकतो.

अमरावतीच्या आमच्या हायस्कुलात सरकारने तेव्हा नवी तांत्रिक शाखा काढली होती. शाळा सोडायच्या आधी पोरगा कारखान्यात उभा राहण्याजोगा झाला पाहिजे, असा नियम. लोखंडाचे दोन तुकडे कानशीने घासून एकमेकांत बसवायचे आणि उजेडाला धरायचे. फटीतून उजेड दिसला की नापास. पास झाला त्याला सर्टिफिकेट, सर्टिफिकेटवाल्याला रेल्वेत नोकरी. मला तीच पाहिजे होती.

"उजेड दिसला तं माणूस मरते," मास्तर म्हणायचे. त्यांचा भाऊ अकोल्याच्या जिनात, कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, पट्ट्यात ओढला गेला होता. चाकाची पाचर सैल बसली होती. "बसवणारा पास होता बे!" एवढं बोलून पुन्हा मारत सुटायचे.

इन्स्पेक्टर आले त्या दिवशी हेडमास्तरांनी बाजारातल्या लोहाराकडून घासून आणलेले तुकडे आमच्या नावाने टेबलावर मांडले. मास्तरांनी घन उचलून एकेक ठेचला. माझा ठेचला तेव्हा मी त्यांच्या तोंडावर बुक्की मारली. त्यांनी मला ऐरणीवर आपटलं. दोन दात गेले. ओठाचं रक्त पुसत ते इन्स्पेक्टरसाहेबांना म्हणाले, "आता घासून घ्या पोट्ट्यायकडून. तुमच्यासमोर."

मी रक्त गिळत घासलं. केसाएवढी फट राहिली. साहेबांना दया आली, ते पास लिहायला लागले. मास्तरांनी त्यांचं मनगट धरलं. "याले नापास करा."

रेल्वे गेली. अकोल्याच्या जिनात हमाल म्हणून लागलो, पुढे पाचरी बसवू लागलो. प्रत्येक पाचर दहादा पाहायचो. माझ्या पाळीत कोणाचं बोट तुटलं नाही. तरी मास्तरांना शिव्याच द्यायचो. बायको म्हणायची, "शेजारच्या सुमनच्या नवऱ्याचे हात दुसऱ्या पाळीत पट्ट्यात गेले. सुमन त्याले रोज घास भरवते. तुमी आपल्या हातानं जेवता. शिव्या काहून देता?"

मास्तर वलगावला वारले. मी मातीला गेलो नाही. बायको जाऊन आली, एकटी. "तुमच्या वतीनं पाया पडून आली," म्हणाली. मी ताट फेकलं. तिने उचललं, धुतलं, पुन्हा वाढलं.

मागच्या महिन्यात बायको वारली. परवा वलगावला जाऊन आलो. मास्तरांच्या घरात दुसरेच लोक राहतात. ओट्याशी उभं राहून मोठ्याने बोललो, "मास्तर, मी नापासच होतो."

आतून एक बाई पाण्याचा गडवा घेऊन आली. म्हणाली, "बसा ना बाबा."