पंचफुला मावशीचा भुताचा पिक्चर

पंचफुला मावशीला पहिल्यापासून नसत्या चौकश्यांची खोड. एसटीत बसली की कंडक्टरला विचारणार, हे तिकिटाचं मशीन गरम काहून होते? दवाखान्यात गेली की डॉक्टरांच्या आधी हिचेच प्रश्न सुरू. वाशीमकडच्या मालेगावजवळच्या आमच्या गावात कुणी वारलं की दुसऱ्या दिवशी तिला बोलावणं येतं, तेही या चौकस डोळ्यांपायीच. आमच्याकडे प्रेत जिथं ठेवलेलं असतं तिथं रात्री पीठ पसरून दिवा लावतात आणि वर टोपलं झाकतात. सकाळी पिठात जो ठसा दिसेल, तो त्या माणसाचा पुढचा जन्म. मावशी वाकून बघते आणि सांगते, चिमणी झाली, गाय झाली, लेकरू झालं. मला यातलं काही पटत नाही, पण मान वाकडी करून बघण्याची तिची तऱ्हा मला फार आवडते.

गेल्या वर्षी मावशीचे यजमान, उकंडराव मावसाजी, शेतात काम करता करताच गेले. सकाळी टोपलं मावशीनंच उचललं. पीठ जसंच्या तसं, साधी रेघसुद्धा नाही. जमलेल्या बाया कुजबुजल्या, "काही इच्छा राह्यली बुढ्याची." तेव्हापासून मावशीच्या जिवाला एकच घोर लागला. काय राहिलं असेल? जगाला प्रश्न विचारणारी बाई, पण हा प्रश्न विचारायचा कुणाला?

मागच्या महिन्यात माझ्या मोबाईलवर तिला एका भुताच्या पिक्चरची जाहिरात दिसली. मेलेली बायको घरी परत येते, असं काहीतरी. मावशीनं माझा हातच धरला.

"योगिनी, मले हा पिक्चर दाखव. मेलेलं माणूस घरी येते, तं मनातलं सांगते कसं, हे पाहाचं हाये."

वाशीमला दुपारच्या खेळाला गेलो. पडद्यावर ती बाई छतावर उलटी चालली, दारं आपटली, नळातून रक्त आलं. पोरं किंचाळत होती. मीही डोळे झाकले, उगाच शूर असल्याचं कशाला सांगू! मावशी मात्र खुर्चीच्या कडेवर येऊन मोठ्यानं चौकशी करत होती.

"आपल्याच घरी आली न हे? मंग दार कायले आपटून राह्यली?"

"मावशी, हळू बोल."

"अवं, पण थे बोलत काहून नाही?"

पुढच्या रांगेतला एकजण मागं वळला. "ओ मावशी, भुतापेक्षा तुमचंच भेव लागून राह्यलं." सगळी रांग हसली.

शेवटी मांत्रिक आला, त्यानं लिंबू कापलं, बाईला बाटलीत कोंडलं आणि दिवे लागले. डोंगर पोखरून उंदीर! मावशी जागची हलेना. मला वाटलं घाबरली. पण ती हिरमुसली होती.

"येवढे लोक होते घरात," बसस्टँडवर ती म्हणाली. "कोणी पळालं, कोणी मांत्रिक आणला. एकानंही इचारलं नाही, बाई, तुह्यं काय राह्यलं?"

घरी पोचलो तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. ती ओसरीत मावसाजींच्या खाटेसमोर बसली आणि सरळ विचारलं, "बोला जी. काय राह्यलं तुमचं?"

मला हसू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. खरं सांगते, मीही कान टवकारले. शेजारी कुणाचा तरी मिक्सर चालू होता. तो थांबला, तरी मावशी ऐकतच होती. बऱ्याच वेळानं तिनं पदर सारखा केला.

"त्यायचं काही राह्यलं नसन वं, योगिनी," ती म्हणाली. "माहंच राह्यलं."

मग ती पुन्हा खाटेकडे वळली.

"त्या दिशी तुमी दारातून 'येतो' म्हणले. मी भाकर थापत होती. हो म्हणलं, पण वर पाह्यलं नाही जी."