पावलाआधीचे फोटो

आमची मुलगी पहिल्यांदा जे काही करायची, ते नेमकं तिचा बाप शिफ्टला गेल्यावर करायची. पालथी पडली तेव्हा त्याची सेकंड शिफ्ट होती. पहिला दात दिसला तेव्हाही तो कामावरच. वरसे गावातल्या आमच्या घरापासून कंपनी काही लांब नाही, पण एकदा आत गेलेला माणूस आठ तास बाहेर येत नाही आणि प्लान्टमध्ये फोन नेऊ देत नाहीत. म्हणून मी फोटो काढून पाठवून ठेवायचे. सुटल्यावर गेटबाहेर आल्या आल्या तो ते बघायचा आणि फोन करायचा, "बसली? कुणी न धरता?"

बारशाला माझ्या जावेने कार्डांचा एक संच दिला होता. प्रत्येक कार्डावर रंगीत अक्षरांत एकेक टप्पा लिहिलेला: आज मी हसले, आज मी पालथी पडले, आज मी बसले. ते कार्ड बाळाजवळ ठेवायचं आणि फोटो काढायचा. आठव्या महिन्यापर्यंत कार्डं भराभर संपली. मग 'आज मी उभी राहिले' हे कार्ड हातात आलं आणि तिथेच अडकलं.

नऊ महिने झाले, दहा झाले. मुलगी बसायची, बसल्या बसल्या पुढे सरकायची, पण पायावर भार द्यायची नाही. उभं केलं की गुडघे दुमडून खाली. समोरच्या घरातला मुलगा तिच्याहून महिन्याने लहान. तो एके दिवशी भिंत धरून आमच्या ओटीपर्यंत आला, आणि त्याची आई मला म्हणाली, "तुमची अजून नाय उभी राहत?" तिच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. पण मी आत जाऊन कार्डं कपाटात टाकली आणि फोटो काढणं बंद केलं.

सासूबाई म्हणायच्या, "चालल गो, घाई कसली? माझा मोठाही उशिराच चालला." मी हो म्हणायचे आणि रात्री मोबाइलवर शोधत बसायचे, कोणत्या महिन्यात काय यायला हवं.

दोनेक आठवड्यांनी नवऱ्याने विचारलं, "हल्ली फोटो नाय पाठवत?"

"काय पाठवू? नवीन काही करतच नाही ती."

तो बूट काढत होता. मान वर न करता म्हणाला, "मग जुनं करते त्याचा पाठव. मला तेही कुठं बघायला मिळतं?"

मला तेव्हा थोडा रागच आला.

भातानंतर आम्ही शेतात वाल करतो. तिचा पहिला वाढदिवस नुकताच झाला होता, तेव्हाची गोष्ट. अंगणात वाल वाळत घातले होते आणि सासूबाई सुपात घेऊन खडे निवडत होत्या. मुलगी त्यांच्या शेजारी बसली होती. तिने वालाचा एक दाणा अंगठा आणि बोटात धरला, सुटला, परत धरला. मग डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिली. ऊन कलतं होतं. तिच्या कानाची पाळी उन्हात लालसर दिसत होती आणि मागे सासूबाईंचा सुपावरचा हात. मी फोन काढला. पहिला फोटो नुसता उजेडाने पांढरा झाला. मी जमिनीवर पोट टेकवून आडवी झाले, सूर्य थोडा बाजूला घेतला आणि पुन्हा काढला.

"काय झाला गो, पडलीस?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, फोटो काढतेय."

"मातीत लोळून?"

त्या फोटोत कसलाही टप्पा नव्हता. एक मुलगी वालाचा दाणा बघतेय, एवढंच. पण संध्याकाळपर्यंत मी तो वीसेक वेळा उघडून पाहिला असेल. सुटल्यावर नवऱ्याचा फोन आला. म्हणाला, "ही अशी बघते? मला ठाऊकच नव्हतं." मलाही ठाऊक नव्हतं, फोटो काढेपर्यंत.

मग मला नादच लागला. ती ताटातलं पाणी थोपटायची ते, मांजराकडे सरकत जायची ते, झोपेतून उठून कुठे आहोत हे न कळल्यासारखं बघायची ते. सकाळी पडवीत उजेड चांगला येतो, दुपारी मागच्या दारात, हे मला पाठ झालं. कुकरला भात लावून बाहेर यायचे आणि कधीकधी शिट्ट्या मोजायच्या राहून जायच्या.

मे महिन्यात माहेरी, पेणला गेले. आमचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे. मे म्हणजे तिथे पाय ठेवायला जागा नसते, सगळीकडे ओल्या-सुक्या मूर्ती. बाबा गेली कित्येक वर्षं फक्त डोळ्यांची आखणी करतात. मी त्यांना वालाचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोन जवळ धरला.

"उजेड बाजूनं घेतलास. कुणी सांगितला?"

"कुणी नाही. समोरून घेतला तर चेहरा सपाट दिसत होता."

"व्हय," ते म्हणाले. "मी खिडकी डाव्या हाताला घेऊन बसतो ते उगाच नाय."

इतकी वर्षं मी त्यांना त्याच जागेवर बसलेलं पाहिलं होतं आणि का ते एकदाही विचारलं नव्हतं. त्या दुपारी मी त्यांच्याजवळ बसून राहिले. मूर्ती जराशी फिरवली की डोळ्याखालची सावली कशी हलते, ते त्यांनी मला दाखवलं. निघताना भावाने एक जुना कॅमेरा दिला. मूर्तींचे फोटो गिऱ्हाइकांना पाठवायला त्याने घेतला होता. आता तो मोबाइलवरच भागवत होता. पहिल्या आठवड्यात मी त्यावर शंभर फोटो काढले. निम्मे काळे, उरलेले हललेले.

पावसाळ्यात मुलगी सतरा महिन्यांची झाली, तरी उभी राहिना. मग भावजयीने पेणमधल्या एका बाईंचं नाव सुचवलं. लहान मुलांचे व्यायाम घेणाऱ्या त्या मॅडम. आम्ही एसटीने गेलो. मुलगी अनोळखी खोलीत गेल्याबरोबर रडायला लागली आणि पाय पोटाशी घेऊन बसली. मॅडमना काही बघताच येईना. त्यांनी विचारलं, "घरी कशी बसते, कशी सरकते, याचा एखादा व्हिडिओ, फोटो आहे का?"

मी कॅमेरा पुढे केला. त्या एकेक फोटो मागे घेत गेल्या आणि मध्येच थांबल्या. "हा बघा. हाही. आणि हा." तिन्ही फोटोंत मुलीचा डावा पाय बाहेरच्या बाजूला सैल पडलेला होता. ती सरकताना ढकलत होती ती फक्त उजव्या पायाने.

ते सगळे फोटो मी काढले होते. तिचे डोळे, बोटं, कानावरचं ऊन, सगळं मला दिसलं होतं. पाय दिसला नव्हता.

"घाबरू नका," मॅडम म्हणाल्या. "त्या पायाचे स्नायू थोडे कमी ताकदीचे आहेत. व्यायामाने येईल. आणि तुम्ही काढलेत म्हणून मला दिसलं. आता दर पंधरा दिवसांनी असेच काढून आणा. बाजूने, जमिनीच्या पातळीवरून."

जमिनीवर आडवं पडायची मला सवय होतीच.

मग सहा महिने तेच. सकाळ-संध्याकाळ व्यायाम मी घ्यायचे, तेल सासूबाई लावायच्या. मुलगी रडायची, मग रडायची थांबली, मग स्वतःच पाय पुढे करायला लागली. मी फोटो काढायचे ते आता दोन नजरांनी बघून. आधी पाय, मग चेहरा. दिवाळीच्या सुमाराला ती खाटेला धरून उभी राहिली. ते कार्ड कपाटात कुठे गेलं होतं, मी शोधलंही नाही.

चालली ती जानेवारीत. नवरा पहिली शिफ्ट करून आला आणि गाडी लावून फाटकातून आत शिरला. मुलगी सासूबाईंचं बोट धरून अंगणात उभी होती. मी समोर कॅमेरा घेऊन बसले होते, कारण मॅडमसाठी फोटो काढायचे होते. बापाला पाहिल्यावर तिने बोट सोडलं. एक पाऊल टाकलं. थांबली. मग चार-पाच, भराभर, आणि त्याच्या गुडघ्यांवर जाऊन आदळली.

सासूबाई ओरडल्या, शेजारचे बाहेर आले. नवऱ्याने तिला उचललं, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी तेवढ्यात जागा बदलली होती. ऊन डावीकडून यावं म्हणून.

"तू कुठं व्हतीस?" सासूबाईंनी नंतर विचारलं. "पोर चालली आनि तुझा आवाज नाय."

"इथेच होते," मी म्हणाले. मला जरा लाजही वाटली. आपण आईसारखं धावत का गेलो नाही, असं मनात आलं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मी जितकी जागी होते, तितकी आयुष्यात कधी नव्हते. हे काम मला करायचंय, हे मला त्या अंगणात कळलं.

फोटो बघितले तर मुलगी सगळ्यांत हललेली. एकच चांगला होता, आणि त्यात स्पष्ट आलाय तो सासूबाईंचा हात. बोट तसंच पुढे केलेलं, आणि ते धरायला कुणी नाही. तो आम्ही मोठा करून घेतला.

तो मॅडमनी पाहिला, आणि नंतर त्यांनी मला त्यांच्याकडे येणाऱ्या मुलांचे फोटो काढायला बोलावलं. ज्या आईबापांची हरकत नसेल त्यांच्या घरी मी जाते. पहिलं घर पेणच्या खाडीकडच्या गावातलं. नवरा-बायको दोघं मिठागरावर कामाला. मुलगा तीन वर्षांचा, अजून बसत नव्हता. आईने त्याला नवा शर्ट घातला होता आणि ती त्याला उशांना टेकवून बसवायचा प्रयत्न करत होती. तो सारखा घसरत होता.

"ऱ्हाऊ दे की आडवा," मी म्हणाले आणि त्याच्या बाजूला मीही आडवी झाले.

तिने उशा काढल्या. त्या भिंतीशी रचत म्हणाली, "याचा फोटो कुनी काढलाच नाय आजवर. आमी बी नाय काढला. म्हटला, बसायला लागला की काढू."

मुलगा छपराच्या फटीतून आलेल्या उन्हाकडे बघून हसत होता. मी तासभर तिथे होते. मॅडमना हवे तसे काढले, मग माझ्या मनाचे काढले. उन्हाकडे बघून हसतानाचा माझा आवडता होता. पंधरवड्याने प्रती घेऊन गेले तेव्हा सगळे तिच्यापुढे मांडले आणि एक निवडायला सांगितला.

तिने हसरा बाजूला सारला आणि मी उगाच आणलेला एक उचलला. त्यात तोंड आ वासून तो जांभई देत होता.

"हा," ती म्हणाली. "सकाळी मी कामाला निघते तवा असाच असतो तो."