सापराव जेवायला आला

मी चौथी नापास आहे आणि मी एक कादंबरी लिहिलेली आहे. पहिली गोष्ट मी कुणाला सांगत नाही. दुसरी डोंगरकड्यापासून वसमतपर्यंत कुणाला सांगायची राहिलेली नाही. कादंबरी मात्र कुणी पाहिली नव्हती. (हरवली होती, म्हणून तर इतकी चांगली होती!)

परवा थोरल्या पोरानं हळदीची पोती ठेवायला माळा रिकामा केला अन् वही सापडली. मी चष्मा लावला, ओळीखाली बोट धरलं आणि पन्नास वर्षांनी आपलंच लिखाण वाचायला बसलो. पहिलं पान झकास. दुसऱ्या पानावर खलनायक आला अन् मला घाम फुटला.

खलनायकाचं नाव सापराव. कानांवर केसांचे झुपके, नाकातून हसणं, चहा बशीत ओतून तीन फुंकरा. आणि माझ्या लेकीच्या सासऱ्याचं नाव नागोराव! कान तेच, नाक तेच, बशी तीच!

झालं असं, की तरणेपणी शंकरपटाच्या शर्यतीत या नागोरावच्या बैलजोडीनं माझी जोडी मागं टाकली. त्या रागात मी वही भरली. वहीतला सापराव बैलांना खिळा टोचून जिंकतो. (खरा नागोराव नुसताच जिंकला होता. ते जास्त लागतं.) पुढं लेकीचं स्थळ नेमकं त्याच घरात जुळलं.

मानपानाला हा माणूस असा कडक, की लग्नात आहेराची टोपी लहान निघाली म्हणून भरल्या पंगतीतून उठला होता! टोपीला एवढं, तर खिळ्याला किती? आता पंचमीला लेकीला माहेरी पाठवतो का नाही? मी वही लपवायला जागा हुडकत होतो, तोच फोन आला. नागोराव वारंगा फाट्यावर पोचले होते. जेवायला येऊन राहिले होते!

"मामा, आबांची कादंबरी घावली!" थोरल्यानं नागोरावांना पाण्याच्या तांब्याआधी बातमी दिली.

"वाचा की मंग, व्याही! इतकी वर्सं नुसतं आयकूनच राहिलो."

"अक्षर पुसलंय हो..."

"आना, मी वाचतो," थोरला म्हणाला.

मी वही हिसकावली. ताटं वाढली जात होती, मी वाचू लागलो. कान, नाक, बशी, सगळं गाळून सरळ पुढं. तोच आतून आवाज आला.

"अवो, कानावरचे केस ऱ्हायले की!"

माझी बायको. तिला अक्षरओळख नाही. पण लग्नाच्या पहिल्या वर्षी मी तिला ही कादंबरी रोज वाचून दाखवली होती. तिला पाठ आहे!

मी खाकरलो. डोळे वटारले. "सापराव हसला," वाचलं.

"नाकातून," आतून आवाज.

नागोरावांचा हात हळूच कानाकडं गेला.

"अन् सापराव शर्यत जिंकला. बराबर जिंकला!"

"खिळा टोचला ना त्यानं! काहून गाळून राहिले?"

मी उरलेली पानं एका दमात शेवटपर्यंत वाचून टाकली. नागोरावांनी हातातला घास ताटात ठेवला. मी डोळे मिटले. गेली पंचमी! गेली लेक!

"व्याही," ते म्हणाले, "ह्यो सापराव..."

"मनचा हाय हो! सगळं मनचं!"

"लई आवडला!" अन् नाकातून असे हसले, की वरण हाललं. "काय रुबाब गड्याचा! पन ते दुसरं ध्यान कोन? बैल हाकता येत न्हाईत, पोरीपुढं तोंड उघडत न्हाई, दर पानाला रडतंय, अन् शेवटी समदं गाव त्यालाच हार घालतंय! असं बावळट मानूस तुमी बघितलं कुठं?"

तो नायक होता. तो मीच होतो.

"त्येबी मनचंच," मी म्हणालो.

"मनचं कशाचं?" पुऱ्यांची परात घेऊन बायको बाहेर आली. "पन्नास वर्सं झाली, त्यालाच वाढून राहिले मी!"

व्याही पोट धरून हसत होते. मी खाली मान घालून पुरी मोडली. नायकाला भूक लागली होती.