सेक्टर चौतीसपर्यंतची झोप

खरड गावाहून शहरात जाणाऱ्या बसमध्ये ती रोज माझ्या शेजारी बसायची. ओढणीचं टोक समोरच्या दांड्याला गुंडाळायची, "दीदी, चौंतीस पे जगा देना जी" म्हणायची आणि बस सुटायच्या आत झोपायची. सेक्टर चौतीस आलं की मी तिचा खांदा हलवायचे. नाव विचारायची वेळच आली नाही.

परवा मात्र ती जागी होती, शेंगदाणे खात बाहेर बघत होती. झोपेचं विचारल्यावर तिने सरळ सांगितलं. तिला आणि भावाला एकच आजार, कोणी नसताना कानात माणसांचे आवाज येण्याचा. गोळीही एकच, तेवढ्याच ताकदीची. भाऊ ती घेऊन दिवसभर दुकान सांभाळायचा. ही पेंगायची, म्हणून घरात आळशी ठरली होती. नव्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. हे औषध बाईच्या अंगात पुष्कळदा जास्त साठतं, असं म्हणून त्यांनी तिची गोळी कमी केली.

"मग घरचे खूश असतील," मी म्हटलं.

"मम्मी तो लड पडी," दांड्याची ओढणी सोडवत ती म्हणाली. "बोली, हमारे घर में बेटा-बेटी में कभी फर्क नहीं किया. अब दवाई में क्यों करें?"