उणे तीन

माझ्या कीबोर्डच्या काचेवर एक लाल आकडा जळत असतो: उणे तीन. परवा एका कॉलेजच्या मैदानावर, भर दुपारी साउंड चेक चालू असताना, मी त्याच्याकडे बघत राहिलो. आमच्या रॉक बँडचा गायक सुहास आता पन्नाशीला आला. पूर्वीचे वरचे सूर त्याला लागत नाहीत. म्हणून मी एक बटण दाबतो. बोटं जुन्याच जागी पडतात, आवाज मात्र तीन पट्ट्या खाली निघतो.

गिटारवाले स्टेजभर उड्या मारतात. मी मात्र दोन कीबोर्डांच्या मागे कोंडल्यासारखा उभा राहून वर्षानुवर्षं आमचं तेच एक गाजलेलं गाणं वाजवतोय. नवीन काही बसवू म्हटलं की सुहास म्हणतो, "अरे, लोकांना तेच लागतं." आणि लोकांना खरंच तेच लागतं, याचाच मला संताप येतो.

साउंड चेकनंतर आम्हाला बसायला दिलेल्या कॉलेजच्या संगीताच्या खोलीत एक पेटी होती. चहा येईपर्यंत मी ती पुढ्यात ओढली आणि तेच गाणं सुरू केलं. पेटीला कुठलं आलंय बटण? गाणं एकदम वर चढलं, आमच्या विशीत होतं तिथे. दारात उभा असलेला सुहास हौसेनं गायला लागला आणि दुसऱ्याच ओळीला त्याचा आवाज फाटला.

"खाली घे ना जरा," तो ओशाळून म्हणाला.

मी खाली घ्यायला गेलो. बोटं पुन्हा त्याच जुन्या जागी पडली.