नवरीआधी जोडा सासरी

छिंगशी गावात तान मावशीची बोलणी खाल्ली नाहीत असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. शाळेच्या फाटकासमोर तिचं तांदळाच्या शेवयांचं दुकान होतं. सकाळी तिथं वाडगं पुढ्यात घेऊन बसायचं आणि गरम शेवयांबरोबर चार शब्दही पोटात घालायचे, अशी गावाची रीतच पडून गेली होती. कुणी मिरची कमी मागितली की मावशी म्हणायची, "मग दवाखान्यात जाऊन पेज पी की, इथं कशाला आलास?" शाळेचे कुआंग हेडसर नुसते खाकरले तरी सगळी शाळा चिडीचूप व्हायची. तेच हेडसर मावशीपुढं मात्र मान खाली घालून शेवया ओढायचे. कारण शाळकरी वयात त्यांची चड्डी कुठं कुठं सुटली होती हे मावशीला तोंडपाठ होतं, आणि ते चारचौघांत सांगायला ती लाजणारी नव्हती.

साऱ्या गावात तिच्या तोंडाच्या तडाख्यातून सुटलेलं माणूस एकच, मार्नी.

मार्नी न्यूझीलंडची. तिथल्या दक्षिणेकडच्या एका मेंढरांच्या वाडीवर, चार भावांच्या गोंधळात वाढलेली. तेविसाव्या वर्षी इंग्रजी शिकवायला म्हणून चीनमधल्या हुनान प्रांतातल्या या डोंगराळ गावात आली आणि पहिल्याच दिवशी वर्गाच्या चौकटीवर कपाळ आपटून घेतलं, इतकी उंच. गावानं तिच्या नावाचं मा नी करून टाकलं, पोरं मा बाई म्हणायला लागली. वर्षभरात तिनं इथली बोली उचलली, नाकातोंडातून पाणी काढणारी मिरची पचवली, संध्याकाळी चौकात बायकांबरोबर नाचायलाही शिकली. गावानं तिला डोक्यावर घेतलं. आणि तिचं दुखणं नेमकं तेच होतं. डोक्यावर बसवलेल्या माणसाला कधी खाली उतरून चार पावलं चालावंसं वाटत असेल, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

वर्गावर उशिरा पोचली, तर हेडसर म्हणाले, "थकला असाल, बाई, अजून थोडं झोपायचं होतंत." तिच्या हातून प्रोजेक्टर पडून फुटला, तर सगळे एका सुरात म्हणाले, "जुनाच होता." तो त्याच आठवड्यात आला होता. संमेलनात तिनं गाणं म्हटलं, तेव्हा पुढच्या रांगेतलं तान्हं पोर दचकून रडायला लागलं, पण टाळ्या काही थांबेनात. वर्षभर चॉपस्टिकनं जेवत होती, तरी प्रत्येक जेवणात कुणीतरी कौतुकानं म्हणणारच, "अय्या, चॉपस्टिक किती छान धरता हो!"

तान मावशीची तऱ्हा तीच. "या मा बाई, बसा मा बाई," म्हणत ती स्टूल पुसून द्यायची आणि वाडग्यात न मागता जास्तीचं अंडं सोडायची. शेजारच्याच स्टुलावर मावशीची मुलगी युछिंग बसलेली असायची. तीही त्याच शाळेत इंग्रजी शिकवायची, मार्नीची जिवाभावाची मैत्रीण. तिच्या वाट्याला मात्र, "पाठ सरळ कर, कुबड येईल! केस बांध! हळू खा, मागं वाघ लागलाय का?" मार्नी ते ऐकत बसायची आणि त्या ओरड्यासाठी तिच्या तोंडाला पाणी सुटायचं.

"माझी आई अशीच ओरडायची," ती एकदा युछिंगला म्हणाली. "चिखलाचे बूट घालून आत आले की ओरडायची, कुत्र्याला ताटातलं दिलं की ओरडायची. इथं वर्ष झालं, कुणी मला एक वाकडा शब्द बोललं नाही."

"मग माझी आई घेऊन जा. फुकट देते, वर वाहतूक खर्चही मीच करते."

"थट्टा नको करूस. हेडसर विचारताहेत, पुढच्या वर्षी राहणार का म्हणून. पाहुण्यानं किती दिवस राहायचं, युछिंग? या उन्हाळ्यापर्यंतसुद्धा मी पाहुणीच असेन, तर मी आपली घरी जाते."

युछिंग हसायची थांबली. पण तिच्या डोक्यात तेव्हा लग्न होतं. पलीकडच्या खोऱ्यातल्या काइवेनशी तिचं ठरलं होतं. तो डुकरांचा डॉक्टर, स्वभावानं गरीब, मावशीनं लग्नाआधीच ओरडून ओरडून मऊ केलेला. युछिंगनं मार्नीला करवली केलं. मावशीनं मार्नीच्या मापाचा गुलाबी झगा शिवून घेतला, शिंप्यानं कापडाबद्दल कुरकुर केली तेव्हा त्याला उभा सोलला, आणि मार्नीला म्हणाली, "तुम्ही नुसत्या उभ्या राहा हो मा बाई, शोभा वाढेल." म्हणजे फुलदाणीच!

म्हणून लग्नाच्या सकाळी करवल्यांनी तिच्या हातात नवरीच्या एका पायातला लाल भरतकामाचा जोडा ठेवला, तेव्हा ती हरखून गेली. तिथली रीत अशी, की नवरीच्या एका पायातला जोडा मैत्रिणींनी लपवायचा, नवऱ्यानं शोधायचा, गुडघ्यावर बसून नवरीच्या पायात घालायचा, आणि मगच तिला न्यायची. तोवर नवरीनं पलंगावरून पाय खाली टेकवायचा नाही. टेकवला तर माहेरचं भाग्य तळपायाला चिकटून जातं.

"तू लपव," त्या म्हणाल्या. "तुझी झडती घ्यायची कुणाची छाती होणार नाही."

काम! वर्षभरात पहिल्यांदा कुणी तिला काम सांगितलं होतं. चार भावांच्या घरात लपवालपवी कशी करतात ते ती जन्मापासून शिकलेली. थोरल्या भावाचा तिनं लपवलेला एक बूट तर अजून सापडायचा होता. तिनं उशीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं आणि असल्या पोरकट जागांना नाक मुरडलं. शेजारच्या खोलीत हुंड्याच्या आठ लाल रेशमी रजया छताला टेकतील अशा रचल्या होत्या. मुला-नातवंडांनी भरलेल्या एका सवाष्णीनं त्या लाल दोरीनं आवळून बांधल्या होत्या. मार्नीनं मधल्या एका घडीत हात घातला आणि जोडा पार पोटात नेऊन ठेवला.

उशी, पडदा आणि कपाट याच जोडा लपवायच्या जागा, हे तिला कुणी सांगितलं नाही. का सांगतील? लपवलेला जोडा सापडायचा असतो, हे त्या गावात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं.

काइवेन मित्रांचा गोतावळा घेऊन आला. मुलींनी दार लावून घेतलं. त्याला दंड मारायला लावले, कच्चं कारलं चावायला लावलं, भसाड्या आवाजात प्रेमाचं गाणं म्हणायला लावलं, फटीतून पैशांची लाल पाकिटं सरकवून घेतली, तेव्हा कुठं कडी निघाली. मग शोधाशोध सुरू झाली. मित्रांनी उशा उलट्या केल्या, पडदे झटकले, कपाटात शिरून एकमेकांचीच डोकी आपटली. काइवेननं तर चहाच्या किटलीतही डोकावून पाहिलं. करवल्या खिदळत होत्या, आणि मार्नी सगळ्यांत वर मान काढून, जिंकलेल्या मल्लासारखी हाताची घडी घालून उभी होती.

नवरी निघायचा मुहूर्त सव्वाअकराचा होता. अकराचे ठोके पडायची वेळ झाली, तशी हसण्यातली गंमत जिरली. पलंगावरून युछिंगनं खूण केली, "पुरे आता, सांग."

"रजयांमध्ये!" मार्नी विजयानं ओरडली.

सगळे शेजारच्या खोलीत धावले. खोली रिकामी होती. हुंडा नवरीच्या आधी पाठवायचा असतो. वऱ्हाडातल्या पोरांनी आल्या आल्या रजया खाली नेल्या होत्या, टेम्पो कधीच निघून गेला होता. नवरी इथं एकाच पायात जोडा घालून बसलेली, आणि दुसऱ्या पायातला वाजतगाजत सासरी चाललेला!

मार्नीचा चेहरा पांढराफटक पडला. "माझी चूक," ती पुटपुटली. "मला माहीत नव्हतं."

आणि मग झालं तेच, जे वर्षभर होत आलं होतं. "हरकत नाही, हरकत नाही!" वऱ्हाडी म्हणाले. "बाईंना कसं माहीत असणार!" काइवेन घाम पुसत म्हणाला, "उलट छानच जागा निवडली." त्या गोड आवाजांनी मार्नीला रडू यायला लागलं. मैत्रिणीचं लग्न तिनं पाण्यात घातलं होतं, आणि तरी तिला कुणी बोलायला तयार नव्हतं! आता इथं राहण्यात काही अर्थ नाही, तिनं मनाशी पक्कं केलं.

तेवढ्यात जिना दणाणला. स्वयंपाकघरातून तान मावशी वर आली, हातात पळी, पळीतून तेल गळतंय. कुणीतरी तिच्या कानात घडलेलं सांगितलं. तिनं मार्नीकडे पाहिलं. मार्नीनं "मावशी, मी" एवढंच म्हटलं असेल.

"अगं ए लांबटांगे!" मावशी कडाडली. "रजईत? रजईत लपवतात जोडा? उशीखाली काय नाग बसला होता? एवढी शिकलीसवरली, समुद्र ओलांडून आलीस, आणि अक्कल कुठं विमानात विसरलीस? माझी पोर आता काय लंगडी घालत सासरी जाणार?"

"मावशी, अहो पाहुण्या आहेत त्या," मागं गर्दीत उभे असलेले हेडसर दबक्या आवाजात म्हणाले.

"कसली पाहुणी! वर्षभर माझ्या दुकानात जेवतेय, पाहुणी म्हणे! तुम्ही सगळ्यांनी लाडावून ठेवलीत, आणि मीही त्यातलीच, अंडी घालघालून शेफारून ठेवली! हातपाय नुसते वाढलेत, ताडमाड झालीय, पण एक काम धड येईल तर शपथ! उभी काय राहिलीस खांबासारखी? आणि... आणि दात काय काढतेस?"

मार्नीचे दात खरंच बाहेर आले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंड कानापर्यंत फाटलं होतं, आणि पोटात आनंदाच्या अशा गुदगुल्या होत होत्या की पाय जमिनीवर ठरेनात. "अजून बोला, मावशी," ती म्हणाली.

"बोलते की! आधी जोडा घेऊन ये, मग दिवसभर बोलते. कुआंग! तुझी ती स्कूटर काढ, आणि ह्या घोडीला घेऊन सुट!"

हेडसरांनी निमूटपणे किल्ली काढली. शाळेत असते तर त्यांनी सूचनाफलकावर परिपत्रक लावलं असतं. पण मावशीनं हाक मारली की त्यांचं वय झरझर उतरायचं. सुटाबुटातले हेडसर पुढं, गुलाबी झगा कंबरेशी खोचून मार्नी मागं, आणि बॅटरीवरची ती गरीब स्कूटर बाजारातून सणाणत निघाली. बदकांच्या पिंजऱ्यांना चाटून गेली, टोफूवाल्याचा पाट थोडक्यात वाचला. भाजीवाल्या ओरडल्या, "हेडसरांनी मा बाईंना पळवलं!"

वळणावर मार्नी हर्षानं हात पसरायला लागली, तशी हेडसरांचीही जीभ सुटली. "मा नी! घट्ट धर! डुलू नकोस, दोघंही भातात जाऊ!"

"हेडसर, तुम्हीसुद्धा ओरडलात!"

"ओरडेन नाही तर काय! गप बस!"

"मी राहते! पुढच्या वर्षी राहते, त्याच्या पुढच्याही!"

"आधी जोडा!" हेडसर किंचाळले.

टेम्पो पुलापाशी उभा होता. भाजकी रताळी दिसली म्हणून चालक उतरला होता. माणसाची भूक कधी कुणाच्या उपयोगी पडेल सांगता येत नाही. मार्नी मागच्या फळीवर चढली आणि दोरीला हात घातला.

"सोडू नकोस!" हेडसर खालून ओरडले. "सवाष्णीची गाठ आहे, सासरीच सुटायची!"

मग तिनं हात घातला. खांद्यापर्यंत घातला. कुठली रजई तेच आठवेना, आठही लाल. शेवटी तिनं डोकं घातलं, आणि बाहेर उरले फक्त दोन लांब पाय. पुलावर माणसं जमली.

"परदेशी बाई रजयांत काय शोधतेय?"

"नवरा असेल. डुकरांच्या डॉक्टरचा हुंडा, काहीही निघेल."

आतून गुदमरलेली आरोळी आली. केसांचं घरटं, लाल नाक आणि हातात जोडा, अशी मार्नी बाहेर पडली, आणि पुलावरच्या अनोळखी लोकांनीसुद्धा टाळ्या पिटल्या. या टाळ्या खऱ्या होत्या, हे तिला लगेच कळलं.

मुहूर्ताला श्वासभर वेळ उरला असताना स्कूटर दारात आली. काइवेननं गुडघ्यावर बसून जोडा चढवला, फटाक्यांच्या माळा कडकडल्या, धुरातच युछिंगला उचलून मोटारीत बसवलं, आणि घाईघाईत करवलीच्या जागेवर कुठलीशी चुलतबहीण जाऊन बसली. खिडकीतून युछिंग ओरडली, "मा नी, आईला बघ!" हेडसरही आपली मरतुकडी स्कूटर घेऊन वरातीमागं गेले. मुलीच्या आईनं पाठवणीला जायचं नसतं. अंगणात राहिल्या मार्नी आणि मावशी. आपला नवरा वारल्यापासून मावशीनं या घरात युछिंगशिवाय दिवस काढला नव्हता.

अंगणभर फटाक्यांच्या लाल कागदांचा खच पडला होता. काहीतरी करावं म्हणून मार्नीनं कोपऱ्यातला झाडू उचलला.

"टाक तो झाडू!" मावशी खेकसली. "आजच्या दिवशी झाडतात होय? पोर आत्ता उंबऱ्याबाहेर पडली, आणि तू घरचं भाग्य..." आवाज मध्येच फाटला. मावशी भिंतीला टेकून खाली बसली आणि पळी मांडीवर ठेवून रडायला लागली. गावातल्या कुणी तिला रडताना पाहिलं नव्हतं. "आता कुणावर ओरडू मी सकाळी उठून?" ती म्हणाली. "घर खायला उठेल मला."

मार्नी झाडू धरून तशीच उभी राहिली. जवळ जावं की न जावं, इथली रीत काय, तिला काही सुधरेना.

"बघत काय उभी राहिलीस?" मावशीनं नाक पुसत विचारलं. "घरात आई रडत असली तर लेकीनं काय करायचं, तेही मीच शिकवू?"

मार्नीनं झाडू टाकला, मातीतच बसकण मारली आणि मावशीला दोन्ही हातांनी कवटाळलं. असली रीत त्या गावात नव्हती. मावशीला आयुष्यात कुणी असं आवळून धरलं नव्हतं.

"सोड गं घोडे, बरगड्या मोडशील माझ्या," ती ओरडली, पण बराच वेळ ती काही जागची हलली नाही.